हाकेवर टांगलेले कोट

"आई, यांचा कोट कुठल्या नावानं ठेवलाय?" धाकट्या सुनेनं माईक पुढे सरकवत विचारलं, आणि मालकिणीच्या जिभेवर आलेला शब्द दातांवर आपटून मागे फिरला. असं त्या जिभेच्या उभ्या जन्मात झालं नव्हतं. तोंडातून सुटलेला शब्द आणि नळातून सुटलेलं पाणी परत जात नाही, हे ती स्वतःच तिन्ही सुनांना ऐकवत आली होती. आज शब्द सुटायच्या आधीच परत गेला, आणि जाताना घसा खरवडून गेला. मालकिणीला आधी राग आला नाही, नवल वाटलं. आपल्या तोंडात आपलं न ऐकणारं कोणीतरी राहतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

काउंटरच्या पलीकडे ती बाई उभी होती. उंच, किडकिडीत, चेहरा वरून खाली ओढून खिळा ठोकल्यासारखा. "पावती त्यांच्या पाकिटात होती," ती म्हणाली. "पाकीट कुठे गेलं कळत नाही. ते गेले ना, मागच्या महिन्यात." बसची वेळ सांगावी तसं तिनं हे सांगितलं. मग ऐकणाऱ्यालाच बस गाठायची असावी तशी भरभर पुढचं सांगून टाकलं. मुलगा आला, त्यानं घर आवरलं, वडिलांचे सगळे कपडे एका दुपारी वाटून टाकले. तिला विचारलं असणार, ती हो म्हणाली असणार, तिला आठवत नाही. धुवायला टाकलेला तपकिरी कोट तेवढा राहिला. आज ती मुलाकडे राहायला निघाली होती, कायमची. गाडी दाराशी उभी होती. "तो एक मिळाला की निघते," ती म्हणाली आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवून, कोट हातात पडलाच आहे अशी उभी राहिली.

कोट दुकानात होता यात शंका नव्हती. मालकिणीच्या लॉन्ड्रीतून आजवर रुमाल हरवला नव्हता, कोट कुठला हरवतोय. पण दुकानात असणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. काउंटरमागच्या लांबलचक खोलीत छताखालून एक साखळी फिरत होती. साखळीला हूक, हुकांना कपडे, आणि प्रत्येक कपड्यावर तेच राखाडी कव्हर, तीच चेन. सगळे एकाच शाळेतले, एकाच गणवेशातले. पावती असली की तिच्यावर हुकाचा नंबर असायचा, बटण दाबलं की साखळी फिरून कपडा पुढ्यात यायचा. पावती नसली की नाव लागायचं. आणि नावं ठेवायची मालकीण. आईबापांनी ठेवलेली नावं तिला कधी पटली नव्हती. पाळण्यातल्या बाळाचं नाव ठेवणं म्हणजे न शिवलेल्या सदऱ्याला इस्त्री करणं, असं तिचं मत. माणूस वाढू द्यावा, चालू बोलू द्यावा, उसवू द्यावा, मग ठेवावं. गिऱ्हाईक पाठ फिरवून पायरी उतरलं की ती माईकशी तोंड नेऊन हळूच म्हणायची, वाकडी मान. म्हणायची, दोन चष्मे. घाईला आग लागलेला. बायकोला विचारतो. आणि काउंटरवरच्या यंत्रातून सपाट, कुणाच्याच घरात नांदलेला नसावा असा एक आवाज तिच्या मागोमाग ते नाव म्हणायचा आणि हूक सांगायचा.

या बाईचं नाव तिनं ठेवलं होतं गेल्या थंडीत. बटणावरून भांडण झालं होतं. बाई म्हणाली, कोटाचं एक बटण तुमच्याकडे बदललंय, हे तसं नाही. तसंच होतं. बाईनं बटण नखानं वाजवून बघितलं, कोट तोंडाजवळ नेऊन बटणाला दात लावून बघितला, आणि शेवटी म्हणाली, "असू दे, कोट त्यांचा आहे, त्यांना कळणार नाही. पण मला कळलं." बोलताना चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. घरात कोणी मेलंय आणि ही बटण शोधत बसलीय, असं मालकिणीला वाटलं, आणि ती गेल्यावर माईकमध्ये एकच शब्द पडला. सुतकी. यंत्र म्हणालं, सुतकी. मालकीण खुदकन हसली होती. नाव असं बसलं होतं, जसं काही त्याच मापाचं शिवून आणलं होतं. तेव्हा त्या कोटाचा मालक घरी ठणठणीत बसलेला होता.

मालकिणीनं जीभ टाळूवर फिरवली. लहानपणी आई तिला उजेडात उभी करून म्हणायची, जीभ काढ बघू, काळा तीळ आहे का. तीळ कधी सापडला नाही, आणि आईला कधी पटलं नाही. कारण कार्टी बोलायची ते व्हायचं. झोपाळ्याचा दोर तुटेल म्हणाली, तुटला. शेजारीण माहेराहून परत यायची नाही म्हणाली, आली नाही. लग्न होऊन या घरात आली तेव्हा सासऱ्यांनी धुलाईचं मोठं यंत्र घेतलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत ते मावत नव्हतं, आणि ती सहज म्हणाली होती, हे तुम्हाला खाणार. यंत्रानं त्यांचं नख दुखावलं नाही. दिवस खाल्ले. वाफेत उभे राहून राहून मालक असे झाले की घरी जेवायला आले तरी पाहुणे वाटत. मधल्या मुलाला ती म्हणाली, तुझ्या हातून इस्त्री व्हायची नाही. तो आज शाळेत भूगोल शिकवतो आणि स्वतःचे शर्ट बायकोच्या हाती दुकानात पाठवतो. यातलं जिभेनं किती केलं आणि आपसूक किती झालं, हा प्रश्न मालकिणीनं कधी केला नव्हता. कशाला करायचा? घर तिच्या शब्दावर चालत होतं. चालणाऱ्या यंत्राचं झाकण कोणी उघडत नाही.

आज मात्र तिला ते झाकण उघडून आत डोकवावंसं वाटलं. शब्द आधी होता, मरण नंतर आलं. मधे काय झालं?

"आई?" धाकटी म्हणाली. धाकटी म्हणजे शेंडेफळाची बायको. दिवसभर कुठल्याशा ऑफिसात प्रोग्राम लिहायची, आणि हा दुकानातला प्रोग्रामही तिनंच सुट्टीच्या दिवशी बसून लिहिला होता. आज सुट्टी म्हणून काउंटरवर होती. नवीन असताना मालकिणीनं तिला नीट पारखून घेतलं होतं. भाकऱ्या करता येत नाहीत, शिवण येत नाही, उलट उत्तर येत नाही. मग येतं काय? तर हे. मालकिणीला हे कसं चालतं ते समजून घ्यायचं नव्हतं, पण बाजूला बसून कपड्यांच्या घड्या घालताना ती विचारायची, आणि धाकटी सांगायची. किती कपडे येणार ते आधी माहीत नसतं, आई. आला की मशीनमध्ये एक नवीन डबा तयार होतो. मी काय केलं, तुम्ही जे बोलाल त्या अक्षरांचंच डब्याचं नाव केलं. शोधायची वेळ आली की तीच अक्षरं जोडून एक वाक्य बनवते आणि मशीनला सांगते, हे नुसतं वाचू नकोस, हे कर.

हे शेवटचं मालकिणीला भलतंच आवडलं होतं. वाचू नकोस, कर. घरात असं कोणी नव्हतं. थोरला ऐकायचा, पण आधी सुस्कारा सोडायचा. मधला ऐकायचा आणि नंतर बायकोला सांगायचा. यंत्र सुस्कारा सोडत नव्हतं, त्याला बायको नव्हती. ही शहाण्यांची वस्तू आपल्या चौथी नापास जिभेवर चालते, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, आणि ऐकणारा कौतुक करेपर्यंत त्याला कपडे देत नव्हती.

मग एक दिवस धाकटी ऑफिसातून तोंड पाडून आली. तिच्या वरच्या साहेबानं तो प्रोग्राम बघितला होता आणि विचारलं होतं, हे कुणी केलं, आणि का. "ते म्हणाले, अक्षरांचा हुकूम करू नये. अक्षरं अक्षरंच राहू द्यावीत. उद्या कोणी काहीही बोलेल आणि मशीन ते करत सुटेल. त्यापेक्षा सगळे डबे एका दांडीवर ठेवायचे. आला की दांडीवर अडकवायचा, हवा तेव्हा दांडीवरून काढायचा. नाव डब्याच्या आत, चिठ्ठीसारखं. चिठ्ठी चुकली, बदलली, फाटली, तरी डबा जागच्या जागी." मालकीण चादरीचं टोक हनुवटीखाली धरून ऐकत होती. "मग आत्ता कुठे आहेत ते?" तिनं विचारलं. "आत्ता? आहेत, पण एकत्र कुठेच नाहीत. प्रत्येकाला आपापलं नाव आणि तेवढंच. सगळ्यांनी हात वर करा म्हटलं तर ते मला जमत नाही, कारण सगळे असं काही मी केलंच नाही. एखाद्याचं नाव तोंडात आलं नाही, की तो आहे, पण नाही." "आहे, पण नाही," मालकिणीनं घोळवून म्हणून बघितलं. मग चादर झटकली. "माझ्या हाकेला ओ देणारं एवढंच एक उरलंय. त्याचाही गळा दाबायला निघालीस? राहू दे तसंच." आणि ते तसंच राहिलं.

"आठवत नाही," मालकीण म्हणाली.

धाकटीची बोटं थांबली. ज्या बाईला सतरा जणांच्या लग्नात कोणी कुठला आहेर परत दिला ते आठवतं, तिला हे आठवत नाही? धाकटीनं आपल्या अंदाजानं यंत्रात लिहिलं, कोटवाली. यंत्र सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "असं कोणी नाही." आवाज तिनंच बसवला होता, सासूला वाचायचे कष्ट नकोत म्हणून. तिनं लिहिलं, उंच बाई. "असं कोणी नाही." तिनं सासूकडे बघितलं, सासू साखळीकडे बघत होती. तिनं लिहिलं, बटणवाली. "असं कोणी नाही." काउंटरवरचे दोन हात हळूच खाली गेले. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, एकदाच, सभ्यपणे. "नसेल," ती बाई म्हणाली. "मी दिला असं मला वाटत असेल. हल्ली मला बरंच काही वाटतं."

"नसायला काय झालं," मालकीण जवळजवळ खेकसली. "माझ्या दुकानात आहे तर आहे. थांबा." आणि काउंटरची फळी उचलून ती आत शिरली.

आत ती रोज शिरायची, पण अशी कधी नाही. एरवी साखळी फिरायची आणि कपडा तिच्याकडे यायचा. ती राजासारखी उभी, कपडे प्रजेसारखे हजर. आज साखळी थांबलेली आणि तीच एकेका कपड्यापुढे जाऊन उभी राहत होती. पहिल्या कव्हरची चेन खाली ओढली. काळा कोट, कुणाचा कोण जाणे. दुसरं. बाईचा लांब झगा, त्याला धुऊनही न गेलेला अत्तराचा वास. तिसऱ्यात हात घातला आणि तिला चमत्कारिक वाटलं. आत लोकर होती, ऊबदार, कुणीतरी आत्ताच अंगातून काढून ठेवल्यासारखी, पण ही वाकडी मान की दोन चष्मे, हे तिला कळेना. तिच्या सगळ्या नावांना इथे अंधारात काहीच अर्थ नव्हता. कोट मान वाकडी करत नव्हते, घाई करत नव्हते, बायकोला विचारत नव्हते. नुसते होते. इतकी वर्षं तिला वाटत होतं आपण हाक मारतो म्हणून हे येतात. खरं म्हणजे हे इथेच असतात, हाक मारा न मारा.

आणि आपण? माहेरी तिला बारकी म्हणत. सासरी आल्यावर सासूनं वेगळं नाव ठेवलं, त्या नावाला ओ द्यायला तिला कित्येक दिवस लागले. सासू हाक मारायची आणि ही चुलीपुढे बसून कोणाला बोलावतात म्हणून बघत राहायची. बहिरी आहे का गं तुझी सून, असं शेजारणीनं विचारलं होतं. मालक तिला नुसतं "ऐकलं का" म्हणायचे. मग आई. मग मालकीणबाई. एकेका नावाला एकेक बाई उठून ओ देत गेली, आणि नाव म्हणणारं माणूस गेलं की ती बाई आत कुठेतरी टांगलेली राहिली, राखाडी कव्हरात. बारकी म्हणणारं आता पृथ्वीवर कोणी नव्हतं. ती बारकी आहे, पण नाही. मालकिणीला हे दुःख म्हणून वाटलं नाही, कोडं म्हणून वाटलं. त्या बारकीला हूक कुठला असेल?

पलीकडून चेन ओढल्याचा आवाज आला. ती बाई आत आली होती आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाकडून एकेक कव्हर उघडत होती. आत यायला कुणाला परवानगी नव्हती. तरी मालकिणीनं पुढच्या कव्हराची चेन ओढली. दोघी दोन टोकांकडून उघडत उघडत एकमेकींकडे येत राहिल्या. मधे कपड्यांची रांग, त्यामुळे एकमेकींची फक्त पावलं दिसत होती.

"त्याच्या आतल्या खिशाला निळा दोरा आहे," बाई पलीकडून म्हणाली. "मीच शिवलाय. तपकिरी नव्हता घरात."

"बटण खरंच बदललं होतं का हो?" मालकीण अलीकडून म्हणाली.

"नाही. नंतर मला जुनं ड्रॉवरात सापडलं. त्यांनीच तोडून ठेवलं होतं आणि दुसरं लावलं होतं, मला न सांगता. भांडले मी तुमच्याशी." चेन खाली, चेन वर. "सांगायला यावं म्हणत होते. मग राहिलंच."

मालकिणीचा हात एका कव्हरवर थांबला. जिभेवरचं ते नाव परत आलं होतं. गिळलं जात नव्हतं, आणि बाहेर टाकलं तर काय करेल याचा भरवसा नव्हता. शेवटी तिला वाटलं, याचं पाणी एकदा बघूनच घ्यावं.

"मला नाव आठवतंय," ती कपड्यांना म्हणाली. "तुम्ही समोर होतात म्हणून घेतलं नाही. मी गिऱ्हाइकांना आपली मनाला येतील ती नावं ठेवते. तुमचं ठेवलंय सुतकी. गेल्या थंडीत ठेवलं. तेव्हा तुमचे मालक चांगले होते."

पलीकडची पावलं जागची हलली नाहीत. बाहेर हॉर्न वाजला, या वेळी लांब. मालकीण ऐकत राहिली. तिला वाटलं आता रडणं ऐकू येईल, नाहीतर शिव्या. शिव्यांना तिची तयारी होती.

"का?" बाईनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

"तुमचं तोंड तसं आहे म्हणून."

"ते आहेच. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफर मला म्हणाला, बाई, जबरदस्ती आहे का? आमचे हे तो फोटो काढून सगळ्यांना दाखवायचे. म्हणायचे, बघा, हिला आधीच कळलं होतं." नाकातून एक लहानसा आवाज आला, तो हसण्याचा होता. "तुमच्या म्हणण्यानं काही झालं नाही हो. माझं हे तोंड घेऊन ते सगळा जन्म मजेत जगले. आजारी पडायच्या आदल्या दिवशी पत्त्यांत लबाडी करत होते."

आपली जीभ एवढी हलकी असेल असं मालकिणीला कधी वाटलं नव्हतं. थोडा अपमानही झाला. इतक्या वर्षांची दहशत, आणि एका सुतकी बाईनं ती नाकातून फुंकून टाकली.

कपड्यांपलीकडची पावलं वळली, काउंटरकडे गेली. मालकिणीनं वाकून बघितलं. बाई माईकपुढे उभी राहिली, धाकटीनं घाईनं खुर्ची मागे घेतली. बाईनं चार माणसांत आपलं नाव सांगावं तसं, नीट, गळा साफ करून सांगितलं, "सुतकी."

"सुतकी," यंत्र म्हणालं. आणि साखळी हलली.

मालकीण रांगेच्या मधोमध होती. राखाडी कव्हरं तिच्या खांद्यांवरून, गालांवरून सरकत जाऊ लागली, एकामागून एक, वाकडी मान, दोन चष्मे, कोण जाणे कोण, सगळी तिला ढकलत, बाजूला सारत, तिच्याकडे ढुंकून न बघता. ती डोळे मिटून उभी राहिली. एक कव्हर तिच्या तोंडाला लागून गेलं, ते तेच असावं असं तिला वाटलं. नसेलही. बाहेर आली तेव्हा बाई कोट कव्हरातून काढून आतल्या खिशाचा निळा दोरा बोटानं चाचपत होती. तिनं कोट घडी न करता हातावर टाकला, जसा माणूस बाहेरून आल्यावर त्याचा घेतात तसा, आणि दारात वळून म्हणाली, "नाव राहू द्या तेच. आता परत यायची नाही मी, पण राहू द्या." गाडीचं दार लागलं.

मालकिणीनं पदरानं तोंड पुसलं. काउंटरला टेकून तिनं यंत्राकडे बघितलं. मग म्हणाली, "कर बाई तुझ्या साहेबाचं खरं. दांडीवर ठेव सगळे. नाव आत राहू दे, खिशात. हाक मारल्याशिवाय सापडत नाही म्हणजे काय?"

"आणि तुम्ही नावं ठेवायची ती?"

"ती मी ठेवणारच. त्याला तुझ्या यंत्राचा काय संबंध?"

धाकटी हसली, आणि तिचं हसणं बघता बघता मालकिणीच्या मनात आलेली गोष्ट थेट तोंडावर आली. जीभ आता पुन्हा सुरळीत चालत होती. "तू तुझ्या फोनात माझं काय नाव टाकलंयस गं?"

धाकटीचं हसू जागच्या जागी राहिलं, त्यातला माणूस मात्र निघून गेला. "आई," ती म्हणाली, जरा उशिरा.

"असं?" मालकिणीनं कनवटीचा फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि बोटानं बटण दाबलं. काउंटरवर, पावत्यांच्या गठ्ठ्याशेजारी, धाकटीचा फोन पालथा पडला होता. तो थरथरायला लागला. काचेवर सरकत सरकत काठाकडे निघाला. धाकटीचा हात अर्ध्यात उठला आणि तिथेच राहिला. दोघी त्या पालथ्या फोनकडे बघत होत्या. मालकिणीनं हात लांब करून तो काठावरून पडायच्या आत धरला, उलटा केला नाही, नुसता धरला. तळहाताखाली तो थरथरत होता, तिच्या नावाला ओ देत होता, आत जे काही असेल त्या. पहिल्यांदा सासरी चुलीपुढे बसून अशीच कान देऊन ती ऐकत राहिली होती, की हे बोलावतात ते कोणाला.